चार वाजताचं पातेलं

भांड्यांचा दुकानदार आधी हसला, मग वैतागला आणि सातव्या पातेल्याला त्याने सरळ हात जोडले.

"काका, तुम्ही भांडं घ्यायला आलात की मुलगी बघायला?"

तपासनिसाने मान वर केली नाही. काउंटरच्या काचेवर पातेलं ठेवून तो खाली वाकला होता आणि खिशातून आणलेली पोलादाची कागदाएवढी पातळ पट्टी बुडाखाली सरकते का ते बघत होता. आधीच्या सहा पातेल्यांखाली ती सुळकन गेली होती. सातव्याखाली अडली.

"हे द्या," तो म्हणाला.

"देतो. पण एक सांगू? गॅसवर चढलं की चार महिन्यांत हेही थोडं हलायला लागेल. सगळ्यांचंच हलतं."

"जाड बुडाचं नाही हलत."

दुकानदाराने पातेलं कागदात गुंडाळलं. अशा गिऱ्हाइकाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे त्याला एवढ्या वेळात कळून चुकलं होतं.

हा आपला तपासनीस चौतीस वर्षं एका कारखान्यात पंपांचे सुटे भाग तपासत होता. टेबलावर दिवसाला तीनशे तुकडे यायचे, हा मापं घ्यायचा. बरोबर असेल तो पुढे सरकवायचा, बिघडलेला असेल त्याला लाल चिठ्ठी बांधायचा. आणि लाल चिठ्ठीच्या तुकड्याला संध्याकाळी स्वतःच्या हाताने मधोमध भोक पाडायचा. कारण सरळ आहे. महिनाअखेरीला माल कमी पडला की कोणीतरी चिठ्ठी सोडून तोच तुकडा गुपचूप चांगल्यात ढकलतो. भोक पाडलं की प्रश्नच मिटला. कामगार त्याला पाठीमागे भोकमास्तर म्हणायचे. त्याला ते माहीत होतं आणि, खोटं कशाला बोला, त्याला त्याचा अभिमानही होता.

आता असा माणूस कारखान्यात सोन्यासारखा. घरात मात्र त्याच्याबरोबर जेवायचं म्हणजे रोजची परीक्षा. त्याने कधी आवाज चढवला नाही, ताट भिरकावलं नाही, दारूच्या थेंबाला शिवला नाही. शेजारणी त्याच्या बायकोला म्हणायच्या, नशीब काढलंस गं. पण पहिला घास तोंडात गेला की तो चावणं थांबवायचा, वर छताकडे बघायचा आणि निकाल द्यायचा. मीठ किंचित पुढे गेलंय. भात एक मिनिट जास्त. कांदा एकसारखा चिरला नाहीस वाटतं. एकतीस वर्षं, दोन्ही वेळचं जेवण. लग्नानंतर दोनेक वर्षांनी तिने एकदा विचारलं होतं, की कधी चांगलं होतच नाही का माझ्या हातचं? तर हा आश्चर्याने म्हणाला, "काही बोललो नाही म्हणजे पास. चांगल्या मालाला कोणी चिठ्ठी बांधतं का?" त्यानंतर तिने विचारणं सोडून दिलं.

मग तो निवृत्त झाला. दोन पाळ्यांचा तपास तीन पाळ्यांवर गेला. आता दुपारी चार वाजताही तो घरातच असायचा.

चार वाजता ती स्वतःपुरता चहा करायची. एक छोटं ॲल्युमिनियमचं दांडीचं पातेलं होतं, कपभराचं. बूड वाकडं, त्यामुळे बर्नरवर ठेवलं की डुगडुगायचं. दांडीचा स्क्रू ढिला झाला की ती सुरीच्या टोकाने आवळायची. एका हाताने दांडी धरून ती तिथेच उभी राहायची, चहाला उकळी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत. निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ती स्वयंपाकघरात गेली, तर पातेल्याच्या दांडीला लाल चिठ्ठी बांधलेली. त्यावर त्याच्या सुवाच्य अक्षरात, कारण: बूड वाकडं.

"गंमत केली गं," तो बाहेरच्या खोलीतून म्हणाला. आणि खरंच, त्याच्या मते ती गंमत होती. एकतीस वर्षांत केलेली बहुतेक पहिलीच.

ती हसली नाही. चहाही केला नाही. निळी बॅग काढली, चार कपडे भरले आणि धाकट्या बहिणीकडे निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "जेवण झाकून ठेवलंय. भात जरा जास्त शिजलाय, मीच सांगते."

अडीच महिने झाले त्याला.

पहिले पंधरा दिवस तो पाव आणि उकडलेली अंडी खाऊन राहिला. मग एका गुरुवारी साडू आला, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. दुकानांच्या पाट्या रंगवायचा तो, हात कायम कुठल्या ना कुठल्या रंगात बुडालेले. त्याच्या घरी स्वयंपाक तोच करायचा, लग्न झाल्यापासून, कारण बायकोची नोकरी सकाळची. दर गुरुवारी संध्याकाळी दोघी बहिणी बाजारात गेल्या की तो पिशवीत चार कांदे-बटाटे टाकून इकडे यायचा, साडूभाऊंना शिकवायला. बायकांना पत्ता नव्हता.

"मीठ किती ग्रॅम?" तपासनीस वही उघडून बसायचा.

"हाताला येईल तेवढं."

"म्हणजे किती?"

"चाखायचं हो. थोडं टाकायचं, चाखायचं. पुन्हा थोडं टाकायचं."

"म्हणजे तुमच्याकडे मापच नाही."

"जीभ आहे की."

साडूने शिकवायचं आणि ह्याने वजनकाटा आणायचा, असं चाललं. काट्यामागून तेलाचं तापमान मोजायची सुई आली, मग कांदा चिरायला आखलेला लाकडी पाट. पहिला भात खाली लागला तेव्हा ह्याने पातेल्याला दोष दिला. दुसरा लागला तेव्हा शेगडीला. साडू पोट धरून हसला. "नाचता येईना अंगण वाकडं! अहो, आच कमी करा आधी."

एकदा साडूने चहासाठी ते छोटं डुगडुगणारं पातेलंच काढलं. लाल चिठ्ठी सोडून बाजूला ठेवली, काही विचारलं नाही. "हे बरंय. झटकन तापतं," एवढंच म्हणाला. तपासनिसाने वहीत काहीतरी लिहिलं. काय ते साडूने बघितलं नाही. बघायला हवं होतं.

पण शिकला हं माणूस. उगाच कशाला नाकारा. दोन महिन्यांत मोकळा भात आणि बटाटे-वाटाण्याचा दाटसर रस्सा त्याला जमायला लागला, न फाटणारं ऑम्लेटही. साठीच्या माणसाने एवढं केलं ते कोणासाठी, हे सांगायला नको. त्याला बायको परत हवी होती. संध्याकाळी दिवा लावला की घर अंगावर यायचं. झोपायच्या आधी कुलूप लागलंय का हे तो सवयीने मोठ्याने विचारायचा आणि मग स्वतःच उठून बघायचा. पण ती का गेली ह्याचा त्याने लावलेला अर्थ असा होता, की बिचारी रांधून रांधून थकली आणि त्यातून तिच्याकडची अवजारं भिकार. अवजार बदललं, माणूस बदलला, की तक्रार संपली.

शेवटी त्याने फोन केला.

"रविवारी जेवायला ये."

"कोण करणार?"

"मी."

"आणि चाखणार कोण?"

"तू," तो म्हणाला.

हा शब्द त्याला कोणी शिकवला नव्हता. तो आपोआप आला होता, आणि म्हणूनच बहुधा ती म्हणाली, "येते."

साडूला कळलं तेव्हा त्याने फोनवर एकच धडा दिला. "हे बघा साडूभाऊ, ती काहीही करो, काहीही म्हणो, तुम्ही तोंड उघडायचं नाही. दोष काढलात की मेलात. एवढं जमेल?"

"जमेल."

"शपथ घ्या."

त्याने शपथ घेतली. आणि शनिवारी दुपारी, डोक्यात नुसता रविवार असताना, बायकोच्या स्वागताला घर टापटीप हवं म्हणून त्याने स्वयंपाकघराची तपासणी काढली.

एकेक भांडं जेवणाच्या टेबलाच्या काचेवर ठेवलं. खाली पट्टी सरकवली. बसलं ते डावीकडे, हललं ते उजवीकडे. उजवीकडे अकरा भांडी जमली, त्यात ते छोटं दांडीचं पातेलंही होतं. त्याचं माप तर वहीत आधीच होतं, दीड मिलिमीटर. मग त्याने गॅलरीत हातड्रिल आणून एकेकाला मधोमध भोक पाडलं. नाहीतर बायको जुन्या सवयीने तेच उचलेल आणि नवीन तसंच पडून राहील, असा त्याचा हिशोब. भोकाच्या कडा कानशीने घासून गुळगुळीतही केल्या, भंगारवाल्याचा हात कापायला नको. सगळी भांडी पोत्यात भरून पोतं गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवलं. रविवारी भंगारवाला बंद असतो, सोमवारी देऊ. आणि शेगडीच्या बाजूला, मोकळ्या झालेल्या खिळ्यावर, सात पातेल्यांतून निवडलेलं ते नवं पातेलं टांगलं. मागे सरकून बघितलं. त्याला फार बरं वाटलं.

रविवारी ती साडेबाराला आली. बेल वाजली तेव्हा तो ऑम्लेट उलटत होता, त्यामुळे गॅलरीतून तिला येताना बघायचं राहून गेलं. दार उघडलं तर खांद्याला नुसती पर्स. त्याचं मन खट्टू झालं. म्हणजे जेवणार आणि परत जाणार.

"बरे आहात ना, विचारणार नाही," ती म्हणाली. "वाळलात."

"पाच किलो," तो म्हणाला.

ती थोडी हसली. तेवढ्यानेही त्याचे हात हलके झाले.

तो तिच्याबरोबर जेवायला बसला. ताट तिच्यासमोर आधी ठेवलं, मग आपलं घेतलं. तिने रश्शात बोट बुडवून चाटलं. छताकडे बघितलं, अगदी त्याच्यासारखं. तो श्वास रोखून बसला. एकतीस वर्षं ह्या जागेवर ती बसली होती आणि तिला दर जेवणाला असं होत असेल, हे त्याच्या मनाला चाटून गेलं. पण नुसतं चाटून गेलं.

"छान झालंय," ती म्हणाली. "मला येत नाही असा रस्सा."

आणि मग तिने त्याची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. बाई काही कमी नव्हती. मिठाची बरणी ओढली आणि रश्शाच्या मोठ्या भांड्यात चिमूटभर मीठ उगाचच टाकलं. टाकताना त्याच्याकडे बघत होती. त्याने मोजून बारा ग्रॅम घातलं होतं. त्याने जीभ दाताखाली धरली. मग तिने भात वाढून घेताना मुद्दाम शितं टेबलावर सांडली. त्याने ती बघितली, उचलली नाही. मग तिने न कापलेलं ऑम्लेट उचलून हाताने वेडंवाकडं फाडलं, आखलेल्या पाटावर एकसारखे कापलेले तुकडे तसेच ठेवून. त्याच्या कपाळावर घाम आला. तोंडातून ब्र नाही.

"बोला की," ती म्हणाली.

"काय?"

"काहीतरी खटकत असेल."

"नाही," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "जेव तू."

तिने भात परत घेतला. जेवणं झाल्यावर भांडी त्याने घासली. ती बाहेर आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली, वर्तमानपत्र वाचता वाचता तिचा डोळा लागला. चष्मा नाकावर घसरला होता. त्याने पंखा एकवर आणला आणि पाय न वाजवता समोर बसून राहिला. अडीच महिन्यांत पहिल्यांदाच त्याला घड्याळाची टिकटिक ऐकू आली नाही. त्याचं तिच्यावर प्रेम होतं हो. तसं नसतं तर ही गोष्टच झाली नसती.

चारला पाच मिनिटं असताना ती जागी झाली. केस नीट केले, उठली आणि अगदी सहज म्हणाली, "मी चहा टाकते. तुम्हाला घोटभर?"

तुम्हाला घोटभर. चार वाजताचा चहा तिने आजवर कधी कोणाला विचारला नव्हता. हा आनंदाने उठून तिच्या मागे स्वयंपाकघरात गेला, कारण आता नवं पातेलं दाखवायची वेळ आली होती.

ती खिळ्यासमोर उभी होती.

"हे कोणाचं?"

"तुझं. जाड बुडाचं. सहा बाद केली तेव्हा हे मिळालं. अजिबात हलत नाही, ठेवून बघ."

"आणि माझं?"

"ते बाद केलं."

"बाद केलं म्हणजे?"

त्याने गॅलरीकडे बोट दाखवलं. ती गेली. पोत्याचं तोंड सोडलं. आधी मोठं पातेलं निघालं, मग कढई, मग दोन झाकणं, आणि मग ते. तिने ते उचललं. दांडी जरा ढिली होती, तिने अंगठ्याने नकळत आवळायचा प्रयत्न केला. मग पातेलं उजेडाकडे धरून आत बघितलं. भोक चांगलं बोटभर रुंद होतं, अगदी मधोमध, कडा गुळगुळीत.

ती बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"ह्या घरात मी रोज दोन वेळा तुमच्यापुढे ताट ठेवलं आणि तुमच्या तोंडाकडे बघत बसले. एकतीस वर्षं. मला राग यायचा, मग रडू यायचं, मग काहीच यायचं नाही. पण चार वाजता तुम्ही कामावर असायचात. हा एक कप चहा असायचा, तो कोणी चाखायचं नाही. वाईट झाला तर माझा वाईट, चांगला झाला तर माझा चांगला. एवढंच होतं माझं ह्या घरात. तुम्ही त्याला चिठ्ठी बांधलीत, म्हणून मी गेले. आज वाटलं, माणूस बदलला. जेवताना किती त्रास झाला तुम्हाला, मला दिसत होता. म्हटलं, एवढं करतोय."

तिने पातेलं त्याच्यासमोर धरलं.

"भोक कशाला पाडलंत? चिठ्ठी बांधलीत तेवढी पुरली नाही?"

आता इथे माणसाने काय म्हणायचं? चुकलो, म्हणायचं. पाया पड, हात धर, नाहीतर नुसतं रड, पण असलं काहीतरी कर. एक शब्द पुरला असता. तिने वाट बघितली, हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं. त्यालाही शब्द शोधायचे होते. अडचणीत सापडलेला माणूस आपल्याला जे येतं तेच बोलतो.

"पण बूड वाकडं होतं गं," तो म्हणाला. "दीड मिलिमीटर."

"हो," ती म्हणाली. "होतं."

तिने पातेलं पोत्यात परत ठेवलं, त्यावर झाकणं, त्यावर कढई, त्यावर मोठं पातेलं, जसं होतं तसं. पोत्याचं तोंड बांधलं. खुर्चीवरची पर्स घेतली, चपला घातल्या. दारात थांबून म्हणाली, "जेवण खरंच चांगलं होतं. दोन वेळचं नीट खात जा." आणि जिना उतरून गेली.

तो गॅलरीत आला. वरून हाक मारावी असं त्याला वाटलं, पण हाक मारून सांगायचं काय, ते ठरेना. ती खाली रस्त्यावर दिसली, पण बसथांब्याकडे वळली नाही. जिन्याच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान आहे, तिथे थांबली. शिंप्याने मशीन थांबवलं, आत गेला आणि बॅग आणून तिच्या हातात दिली. निळी. घर सोडताना नेली होती तीच, पण आता ठासून भरलेली. वर आणखी एक पिशवी बांधलेली. अडीच महिन्यांत बहिणीकडे जमलेलं सगळं किडुकमिडुक घेऊन ती आली होती. राहायला आली होती. आधी वर जाऊन बघू, बरं वाटलं तर त्यांनाच आणायला खाली पाठवू, असं शिंप्याला सांगून ठेवून गेली होती. हे शिंप्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं, पण त्याला ते आत्ताच, वरून, कळलं.

बॅग जड होती. दर दहा-बारा पावलांनी ती हात बदलत होती. वळणाशी पोचेपर्यंत तिने मागे वळून बघितलं नाही.

तो आत आला. स्वयंपाकघरात ओट्यावर तिने काढून ठेवलेले दोन कप तसेच होते. त्यातला एक त्याने उचलून फळीवर ठेवला. मग खिळ्यावरचं नवं पातेलं काढून शेगडीवर ठेवलं. ते जराही हललं नाही, धरून उभं राहायची गरजच नव्हती. पाणी मोजून घातलं, साखर मोजून, पत्ती मोजून. उकळी आली तेव्हा दूध घातलं आणि गाळून कपात ओतला. टेबलाशी बसून पहिला घोट घेतला आणि सवयीने छताकडे बघितलं. चूक शोधली. पुन्हा एक घोट घेऊन शोधली. चहाला नाव ठेवायला जागा नव्हती.

"छान झालाय," तो मोठ्याने म्हणाला.

घरात ऐकायला कोणी नव्हतं.